वारापुरती अहिंसा

मराठी घरात कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मासा करायचा की नाही, हा प्रश्न चुलीपर्यंत पोहोचण्याआधी वारापाशी अडतो. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा किंवा गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा अशी वारांची वाटणी झालेली असून, घराचे कुलदैवत आणि घरातल्या माणसांची उपासना यांप्रमाणे त्यांतले काही वार सामिष, म्हणजे मांस-मासळीच्या, अन्नाला वर्ज्य ठरतात. धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरची तुळजाभवानी हे असंख्य कुटुंबांचे कुलदैवत असल्याने मंगळवार आणि पुष्कळ घरांत शुक्रवारही या वर्ज्यात मोडतो. त्यांत एकादशी, चतुर्थी, नवरात्र आणि श्रावण महिना मिळवला म्हणजे मासा खाणाऱ्या घरातही मासा न खाण्याचे दिवस खाण्याच्या दिवसांहून अधिक भरू शकतात. या वर्ज्यामागे जिवाविषयीची दया आहे, देवतेपुढची मर्यादा आहे की केवळ वहिवाट आहे, आणि दया असेल तर जी दया मंगळवारी जागी होते व बुधवारी मावळते तिला अहिंसा म्हणावे काय, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात तो माशाच्या वड्यांसारख्या एका साध्या पदार्थाच्या निमित्ताने तपासला आहे.

हा पदार्थ निवडण्याला कारण आहे. माशाचे वडे, ज्यांना शहरात कटलेट म्हणतात, ते अर्ध्या-पाऊण तासात होतात: मासा हळद-मीठ लावून वाफवायचा, गार झाल्यावर काटे आणि कातडी काढून बोटांनी कुस्करायचा, त्यात उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि या भागातले काळे तिखट घालायचे, आवळून येण्यापुरते बेसन किंवा ज्वारीचे पीठ मिसळायचे, चपटे वडे थापून रव्यात घोळवायचे आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे. दिवसभराच्या कामानंतर ज्वारीच्या भाकरीबरोबर असे दोन वडे आणि कांदा ताटात पडला की जेवण पुरे होते. मात्र रश्श्यातला मासा डोके, शेपूट आणि काटे यांसह ताटात येतो आणि आपण एक जीव होतो हे खाणाऱ्यापासून लपवीत नाही, तर वड्यातल्या माशाचा आकार, डोळा आणि काटा या तिन्ही गोष्टी नाहीशा झालेल्या असतात. मुलांना हा पदार्थ आवडतो तो याचसाठी, आणि नीतिविचाराला तो अवघड जातो तोही याचसाठी. कारण ज्या अन्नासाठी फारसे श्रम नाहीत, थांबणे नाही आणि ज्यात मारलेल्या जिवाची खूण नाही, त्या अन्नाबाबत खाणाऱ्याला विचार करायला लावणारी गोष्ट बहुतेक वेळा वार हीच उरते.

धाराशिव हा समुद्रापासून दूरचा आणि पर्जन्यछायेतला जिल्हा आहे, त्यामुळे येथे मासा हे कोकणासारखे नित्याचे अन्न कधीच नव्हते. येथील मासा तळ्याचा आणि धरणाचा: परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, तेरणा नदीवरचे प्रकल्प आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील उजनी या जलाशयांतून रोहू, कटला, मरळ, वाम आणि चिलापी बाजारात येतात. रोहू आणि कटला यांच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात, मरळ आणि चिलापी यांत ते नसल्यासारखेच असल्याने वड्यांना हेच मासे सोयीचे पडतात. मासा मुख्यतः आठवडी बाजाराच्या दिवशी मिळावा आणि नेमका तोच दिवस घरातल्या वर्ज्य वारावर यावा, ही अडचण या भागातील कुटुंबांच्या परिचयाची आहे. शीतपेटी घरोघर आल्यापासून ती सुटली आहे, पण त्या सुटण्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, ज्याचा विचार पुढे येईल.

कालापुरत्या अहिंसेचा सर्वांत नेमका विचार योगदर्शनात आढळतो. पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह या पाच यमांचा, म्हणजे आत्मसंयमाच्या नियमांचा, निर्देश दुसऱ्या पादात आहे आणि त्यानंतर लगेच येणाऱ्या एकतिसाव्या सूत्रात असे सांगितले आहे की हे यम जाती, देश, काल आणि समय यांनी मर्यादित नसतील तेव्हाच ते महाव्रत होतात. येथे जाती म्हणजे जीवाचा प्रकार, देश म्हणजे स्थळ, काल म्हणजे तिथी किंवा दिवस आणि समय म्हणजे ठरलेला प्रसंग किंवा संकेत. या सूत्रावरील व्यासभाष्यात चारही मर्यादांची उदाहरणे दिली असून त्यांतले पहिलेच उदाहरण मासे मारणाऱ्याचे आहे: त्याची हिंसा माशांपुरती असते, अन्य जीवांना तो मारीत नाही, म्हणून त्याची अहिंसा जातीने मर्यादित. तीर्थक्षेत्री मारणार नाही असे म्हणणाऱ्याची अहिंसा देशाने मर्यादित, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही असे म्हणणाऱ्याची कालाने मर्यादित, आणि देव-ब्राह्मणांच्या कार्याखेरीज मारणार नाही असे म्हणणाऱ्याची समयाने मर्यादित. भाष्यकाराच्या मते या चारही मर्यादा गळून पडल्या, म्हणजे कोणत्याही जिवाला, कोठेही, केव्हाही आणि कोणत्याही निमित्ताने न मारण्याचा निश्चय झाला, की व्रत सार्वभौम होते.

या चार मर्यादा धाराशिव जिल्ह्याच्या धर्मजीवनात एकमेकींच्या शेजारी नांदताना दिसतात. जातीची मर्यादा मांस न खाता मासा किंवा अंडे खाणाऱ्यांच्या घरात आहे. देशाची मर्यादा क्षेत्रांच्या आचारात आहे: भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण या मुनींच्या निर्वाणाचे स्थान म्हणून दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे आणि संत गोरोबांच्या समाधीमुळे तेर हे वारकऱ्यांचे क्षेत्र आहे, या ठिकाणी जाणारा मांसाहारी यात्रेकरूही तेवढ्यापुरता निरामिष राहतो. कालाची मर्यादा वारांत आणि चातुर्मासात आहे. समयाची मर्यादा तुळजापुरात सर्वांत ठळक दिसते, कारण ज्या देवीसाठी भक्त मंगळवारी सामिष अन्न सोडतात त्याच देवीच्या शारदीय नवरात्रात होमकुंडापाशी अजाबळीचा, म्हणजे बोकडाच्या बळीचा, विधी होतो. आणि दर्ग्यांपाशी नवस फेडण्यासाठी होणारी कंदुरी, म्हणजे बोकड कापून दिले जाणारे जेवण, जिच्या पंगतीला हिंदू आणि मुसलमान दोघेही बसतात, तीही याच वर्गात येते. एकाच दैवताच्या नावाने एका दिवशी वर्ज्य आणि दुसऱ्या दिवशी बळी असावा, यात बाहेरून पाहणाऱ्याला विसंगती दिसते. पण वर्ज्य आणि बळी या दोहोंत जिवाचे घेणे माणसाच्या मर्जीतून काढून देवतेच्या अधिकारात ठेवलेले असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा परस्परसंबंध कळतो. याचा अर्थ असा की वारापुरत्या वर्ज्याचा उगम प्रत्येक वेळी दयेतच असतो असे नाही. पुष्कळदा तो अधिकाराच्या जाणिवेत, म्हणजे हा दिवस आपला नव्हे या भावनेत असतो.

कालमर्यादित अहिंसेचा इतिहासही सूचक आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, जो राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षाचा आहे, तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे, म्हणजे बौद्ध उपवासव्रताचे, दिवस या काळात मासा मारू नये आणि विकूही नये अशी आज्ञा आहे; म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात मासळीचे वर्ज्य दिवस राजशासनाने ठरविले होते आणि ते तिथींवर बेतलेले होते. सात वारांचा आठवडा भारतात त्यानंतर कित्येक शतकांनी रूढ झाला. वाराचा उल्लेख असलेला प्राचीन भारतीय लेख मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत 165 म्हणजे इ. स. 484 चा आहे आणि त्यात गुरुवार नोंदलेला आहे. त्यामुळे मंगळवारचे किंवा शनिवारचे वर्ज्य अनादि नाही, ते तिथिनिष्ठ व्रतांच्या जुन्या कल्पनेवर वारांच्या नव्या चौकटीने केलेले रोपण आहे. त्यातून एक महत्त्वाचा बदल घडला: पौर्णिमा महिन्यातून एकदा येते आणि व्रताचा दिवस असाधारण राहतो, पण वार दर आठवड्याला येतो आणि व्रत रोजच्या स्वयंपाकाच्या वेळापत्रकाचा भाग होऊन बसते. व्रत जितके वारंवार तितके ते अंगवळणी पडते आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीत संकल्प कितपत उरतो, ही शंका येथूनच सुरू होते.

पतंजलींच्या मोजमापाने पाहिले तर वारापुरती अहिंसा अपुरी ठरते, हे उघड आहे. परंतु अपुरी म्हणजे निरर्थक काय, याचे उत्तर योगसूत्रांपेक्षा जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारधर्माच्या ग्रंथांत, अधिक विस्ताराने मिळते. जैन परंपरेत मुनींची महाव्रते आणि गृहस्थांची अणुव्रते, म्हणजे लहान व्रते, असा भेद असून, समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगांच्या त्यागाचे आणखी दोन प्रकार सांगितले आहेत: ठरावीक काळापुरता त्याग तो नियम आणि आजन्म त्याग तो यम. पतंजलींच्या परिभाषेतला यम आणि हा यम वेगळे आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. समंतभद्र नियमाचा काळ एक दिवस, एक रात्र, पक्ष, महिना, ऋतू किंवा अयन असा कोणताही धरतात आणि अशा मर्यादित त्यागाला व्रताच्या मांडणीत मानाचे स्थान देतात. या दृष्टीने मंगळवारी मासा न खाणे हा नियम आहे आणि तुळशीची माळ घालून आजन्म सामिष अन्न सोडणाऱ्या माळकऱ्याचे व्रत हा यम आहे. पहिला दुसऱ्याची पूर्वतयारी असू शकतो, पण ती तयारी होते की नाही हे व्रत धरणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून राहते. यमाचे टोक कोठवर जाऊ शकते हे याच जिल्ह्याने पाहिले आहे, कारण विसाव्या शतकातील दिगंबर परंपरेचे थोर आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली कुंथलगिरीवरच सल्लेखना, म्हणजे क्रमाक्रमाने आहार सोडून देहत्याग करण्याचे व्रत, स्वीकारून देह ठेवला.

मर्यादित व्रताच्या बाजूने जैन कथासाहित्यात एका कोळ्याची कथा येते आणि सोमदेवसूरींच्या 959 साली पूर्ण झालेल्या यशस्तिलकात तिला अहिंसेच्या प्रकरणात स्थान मिळाले आहे. मृगसेन नावाचा कोळी एका मुनींना भेटतो. मासे मारणे हीच उपजीविका असल्याने त्याला अहिंसेचे पूर्ण व्रत घेता येत नाही, तेव्हा जाळ्यात येणारा पहिला मासा सोडून देण्याएवढेच व्रत तो स्वीकारतो. त्या दिवशी पहिला मासा तो खूण करून पाण्यात सोडतो, आणि पुढेही जाळ्यात तोच मासा येत राहून पाच वेळा सोडावा लागल्याने संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी परततो. बायको रागाने दार लावून घेते, बाहेर निजलेल्या त्याला साप चावून मृत्यू येतो आणि पुढील जन्मी पाच वेळा मृत्यूच्या दाढेतून त्याची सुटका होते. कथेतला कर्मफळाचा हिशेब बाजूला ठेवला तरी तिचा आशय विचार करण्याजोगा आहे: मृगसेनाचे व्रत व्यासभाष्यातल्या कोणत्याही मर्यादेहून लहान आहे, पण ते खरे ठरते कारण त्याची किंमत त्याला त्याच रात्री मोजावी लागते. व्यासभाष्यात मासे मारणारा हा अपुऱ्या अहिंसेचा नमुना होता, येथे तोच व्रताच्या सचोटीचा नमुना होतो. ज्या वर्ज्यामुळे खाणाऱ्याचे काहीच अडत नाही, आदल्या दिवशी आणलेला मासा शीतपेटीत पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच खाल्ला जातो, त्या वर्ज्याला या कथेच्या कसोटीवर व्रत म्हणणे कठीण आहे.

शीतपेटीचा प्रश्न येथे येतो. बाजाराच्या दिवशी, म्हणजे समजा मंगळवारी, मासा विकत घेतला, साफ करून ठेवला आणि बुधवारी त्याचे वडे केले, तर वाराचे वर्ज्य पाळले गेले असे घरात मानले जाते. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदन दिलेली असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अनुमती देणारा, अवयव तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा आठ जणांना घातक म्हटले आहे. या विचाराप्रमाणे हिंसा हे एका क्षणाचे कृत्य नसून अनेक हातांतून जाणारी साखळी आहे आणि वार त्या साखळीच्या केवळ शेवटच्या कडीला, खाण्याला, लागू होतो. म्हणून वारापुरते वर्ज्य हे मुळात मारण्यावरचे बंधन नाही, ते भोगावरचे बंधन आहे, असे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरते. माशाला त्याचा लाभ थेट होत नाही, झाला तर खाणाऱ्याच्या मनाला होतो. याच्या उलट उदाहरण म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना असलेली मासेमारीची बंदी, जी विणीच्या हंगामासाठी असते आणि जिचा उपयोग माशांच्या पुढच्या पिढीला होतो. दोन्ही मर्यादा कालाच्याच आहेत, पण एकीचा विषय भोक्ता आहे आणि दुसरीचा विषय जीव आहे.

मनुस्मृतीच्या आठ जणांच्या यादीत शिजवणाऱ्याचा आणि वाढणाऱ्याचा समावेश असल्याने घरातल्या स्त्रीचा प्रश्नही टाळता येत नाही. माळकरी सासू, मासा खाणारा मुलगा आणि दोघांचे जेवण सांभाळणारी सून असे घर या जिल्ह्यात विरळा नाही. अशा घरात मासळीचा तवा आणि कढई वेगळी ठेवली जाते, कधी मासा अंगणातल्या वेगळ्या चुलीवर होतो आणि रांधणारी स्त्री स्वतः तो खातेच असे नाही. पुरुषाने आपल्या व्रताचे वार ठरवावेत आणि ते लक्षात ठेवून दोन प्रकारचा स्वयंपाक मात्र स्त्रीने करावा, ही वाटणी व्रताच्या शुद्धीला बाधक आहे, कारण तेथे संकल्प एकाचा आणि संयमाचे कष्ट दुसऱ्याचे असे होते. झटपट होणाऱ्या पदार्थाचे तिला असलेले महत्त्व या संदर्भात समजून घ्यावे लागते. सोय ही नेहमी बेफिकिरीतून येत नाही, ती बहुधा थकव्यातून येते, आणि शास्त्रकारांनी शिजवणाऱ्याला घातक ठरविताना त्याला शिजवायला कोण लावते याचा विचार केलेला दिसत नाही.

सोयीवरचा खरा आक्षेप उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातून निघतो. तेथे हिंसेची व्याख्या केवळ प्राणघात अशी केलेली नसून प्रमादयुक्त प्रवृत्तीने झालेला प्राणघात अशी केली आहे. प्रमाद म्हणजे अनवधान, कषायांच्या म्हणजे राग-लोभादी विकारांच्या आहारी जाऊन सुटलेले भान. ही व्याख्या घेतली म्हणजे वड्यांच्या बाबतीतला पहिला संशय पुन्हा सामोरा येतो: ज्या पदार्थात माशाचे रूपच उरत नाही तो पदार्थ अनवधानाला पोषक आहे काय? एका अर्थाने आहे, कारण दृष्टीआड झालेला जीव मनाआड होणे सोपे असते. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते की बटाटा आणि पीठ मिसळल्याने पाव किलो माशात चार माणसांचे जेवण होते, तेवढ्याच माणसांना रश्श्यासाठी त्याहून बराच अधिक मासा लागला असता, म्हणून वड्यांत हिंसा कमी आहे. या दुसऱ्या युक्तिवादाला जैन आगमांत जुने उत्तर आहे. सूत्रकृतांगात हस्तितापस नावाच्या तपस्व्यांचे मत येते की अनेक लहान जीव मारण्यापेक्षा वर्षातून एक हत्ती मारून त्यावर निर्वाह करणे अधिक अहिंसक आहे, आणि आर्द्रक मुनी ते मत खोडून काढतात. संख्या कमी केल्याने हिंसेचे रूपांतर अहिंसेत होत नाही, असा त्यांचा आशय आहे. तरीही गृहस्थाच्या अणुव्रताच्या पातळीवर कमी आणि अधिक यांत भेद असतो, नाहीतर परिमाण-व्रतांना, म्हणजे भोगाची मर्यादा ठरवून घेणाऱ्या व्रतांना, अर्थच राहणार नाही. म्हणून वड्यांविषयीचा निर्णय दुहेरी द्यावा लागतो: प्रमाण कमी करणारा पदार्थ म्हणून ते नियमाला साहाय्यक आहेत, भान कमी करणारा पदार्थ म्हणून ते नियमाला घातक आहेत, आणि यांपैकी कोणता गुण प्रबळ ठरेल हे पदार्थावर नसून खाणाऱ्यावर अवलंबून आहे.

अन्य परंपरांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला आहे. बौद्ध विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, देवदत्त या भिक्षूने इतर भिक्षूंना मासा आणि मांस कायमचे निषिद्ध करावे अशी मागणी केल्याचे आणि बुद्धांनी ती सक्ती नाकारल्याचे वर्णन आहे. भिक्षूसाठी मुद्दाम मारल्याचे त्याने पाहिलेले, ऐकलेले किंवा त्याला तशी शंका आलेली नसेल तर ते अन्न चालते, अशी त्रिकोटी-शुद्धीची कसोटी तेथे ठेवली आहे, म्हणजे मर्यादा दिवसाची नसून ज्ञानाची आहे. इस्लामी धर्मशास्त्रात जमिनीवरच्या प्राण्याला जबह करण्याची, म्हणजे अल्लाहचे नाव घेऊन विधिपूर्वक कापण्याची, अट असली तरी माशाला ती अट नाही. वसई आणि गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत परंपरेने शुक्रवारी, आणि विशेषतः लेंटच्या म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, मांस वर्ज्य असते पण मासा चालतो. म्हणजे तुळजापूरच्या भक्ताच्या घरी शुक्रवारी जे वर्ज्य ते वसईच्या घरी शुक्रवारचे संयमाचे अन्न होते. या तुलनेतून वर्ज्य पदार्थाची निवड सापेक्ष आहे हे दिसते, तसेच आठवड्यातला एखादा दिवस भोगापासून राखून ठेवण्याची गरज अनेक धर्मांना वाटली, हेही दिसते.

या विषयाची एक सामाजिक बाजूही आहे आणि ती वगळून केलेला विचार लंगडा राहील. उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडे असलेले बसवकल्याण हे कल्याणीच्या चालुक्यांचे राजधानीचे नगर होते. तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या (1126–1138) मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मासे पकडण्याच्या राजविनोदाचे सविस्तर वर्णन आहे आणि अन्नभोगाच्या प्रकरणात माशांचे पदार्थही आहेत. त्याच शतकात त्याच नगरात बसवेश्वरांच्या नेतृत्वाखाली शरणांची, म्हणजे शिवभक्तांची, चळवळ उभी राहिली, जिच्यातून आलेला लिंगायत समाज निरामिष आहाराचा आग्रह धरतो आणि धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागात मोठ्या संख्येने आहे. बसवेश्वरांच्या विचारात आहाराच्या शुद्धीइतकाच जन्मावरून माणसाला हीन न लेखण्याचा आग्रह होता. पुढील काळात मात्र आहार हाच माणसाची उच्चनीचता मोजण्याचे साधन झाला, मासे धरणाऱ्या भोई आणि कोळी समाजांना त्यांच्या धंद्यावरून कमी लेखले गेले आणि निरामिष असणे हे दयेचे लक्षण न राहता दर्जाचे लक्षण झाले. महाभारताच्या वनपर्वात मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो आणि नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात याची आठवण देतो. ती शिकवण अशा अहंकारावरचे नेमके उत्तर आहे. ज्या वर्ज्यातून शेजाऱ्याविषयी तुच्छता निर्माण होते त्याने एका माशाचा जीव क्षणभर वाचवला असला तरी अहिंसेचे मूळ तोडले आहे, कारण तत्त्वार्थसूत्राच्या व्याख्येप्रमाणे अहंकार हाही कषायच आहे.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की वारापुरती अहिंसा महाव्रत नाही आणि ती तशी असल्याचा दावा करणे चुकीचे आहे; परंतु ती ढोंग आहे असे सरसकट म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. पतंजलींनी मर्यादित अहिंसेला अहिंसेतून वगळले नाही, तिला महाव्रतापासून वेगळे काढले, आणि समंतभद्रांनी तिला नियम म्हणून नाव व जागा दिली. नियमाचे खरे काम असे की जी गोष्ट विचार न करता घडत होती तिच्यापुढे तो एक थांबा उभा करतो. सोमवारी किंवा मंगळवारी मासा करता येत नाही म्हणून तो इतर दिवशी करावा की नाही, किती करावा आणि कशासाठी करावा, हे प्रश्न विचारण्याजोगे होतात. वर्ज्य वार संपताच राहिलेल्या दिवशी दुप्पट खाण्याची मुभा मिळाली असे जेथे मानले जाते, तेथे नियमाने आपले काम केलेले नाही. म्हणून मंगळवारच्या वर्ज्याची परीक्षा मंगळवारी होत नाही, ती बुधवारच्या ताटात होते: त्या ताटात मासा गरजेपुरता आहे काय, तो वाया जात नाही ना, त्यासाठी श्रम करणाऱ्या कोळ्याला रास्त भाव आणि रांधणाऱ्या स्त्रीला उसंत मिळाली काय, आणि जो तो खातो त्याला न खाणारा हीन लेखत नाही ना. या चार प्रश्नांची उत्तरे देता येत असतील तर झटपट केलेले माशाचे वडेही विचारपूर्वक घेतलेले अन्न ठरतात. देता येत नसतील तर वर्षातले सगळे वार पाळूनही व्रत पंचांगातच राहते. वार पाळणाऱ्या प्रत्येकाने, आणि न पाळणाऱ्यानेही, हे प्रश्न स्वतःला विचारावेत.